सावडीचं मीठ

"एवढंच पाणी. दिवस मावळंपातूर आता मागायचं न्हाई."

"सगुणे, मेंढरू ओढ्यावर नेलं तर कुणी मोजून पाजतं का गं?"

"मेंढरू मुततं. तुम्ही मुतत न्हाई."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. म्हाळू माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, आणि सगुणा त्याची बायको. आमची दोन घरं एकाच पत्र्याखाली. मधे विटांची भिंत, तीही वरपर्यंत न गेलेली. तिकडच्या फोडणीनं इकडं ठसका लागायचा, मग भांडण कसं अडणार? नवऱ्याला जेवायला न घालणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. त्यातल्या एकदोघींचं बरोबरही होतं. पण घोटभर पाण्याला नाही म्हणणारी बाई तोवर पाहिली नव्हती. हातातलं पीठ तसंच ठेवून मी तिच्या दारात गेले.

"सगुणे, पाणी मागतोय तो. दारू न्हाई मागत."

"दारू मागितली असती तर एवढं भ्या वाटलं नसतं, नानी."

माठ तिनं आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि खोलीला कुलूप लावलं होतं. किल्ली मंगळसूत्रात अडकवलेली. खाटेवर बसलेल्या म्हाळूचं धोतर तिनं जरा वर केलं, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, चिखलात खूर उमटावा तसा. मी बघत राहिले. तो भरून येईना.

"हे समदं पाणी हाय," ती म्हणाली. "पायातनं वर सरकतं आन् छातीत जातं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, तिथं गेलं की माणूस बसल्या जागी बुडतो."

म्हाळू हसला. "आपल्या वस्तीवर कालव्याचं पाणी यायला किती वर्सं लागली, नानी. माझ्या छातीत मातूर लगीच."

मलाही हसू आलं. पण त्या दिवशी माझ्या अंगावर जो काटा आला, तो पुढं तीन-चार वर्षं काही पुरता गेला नाही.

आम्ही धनगर. म्हाळू मेंढरांमागंच वाढला. दसरा झाला की बापाबरोबर कळप घेऊन कोकणाकडं उतरायचा, ते उन्हाळा सरता सरता माघारी यायचा. पुढं कालवा आला, हिंडायची रानं उसानं आणि कांद्यानं भरून गेली, आणि आमची माणसं एका जागी राहायला शिकली. म्हाळूला ते कधी नीट जमलं नाही. घरात असला तरी उंबऱ्यावर बसायचा, जसं काही आत्ता उठून जायचंय. थोडी मेंढरं त्यानं राखली होती. मेंढराचं तोंड एकदा बघितलं की जन्मात विसरायचा नाही. माणसांचं मात्र त्याच्या ध्यानात राहायचं नाही. माझ्या थोरल्या सुनेला लग्नानंतर दोन पोरं झाली तरी तो तिला 'नवी' म्हणत होता.

मूत्रपिंडं कशानं गेली ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. रक्तदाब होता म्हणे, बरीच वर्षं. पण आमच्यात डोकं दुखलं की डोकं बांधतात, दाब कोण मोजत बसतो? कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं सुकली होती. आधी पुण्याला न्यावं लागायचं. मग दोन हजार सालानंतर दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आलं, आणि मंगळवारी आणि शुक्रवारी म्हाळू जीपनं दौंडला जायला लागला. तिथं त्याचं रक्त नळीतून बाहेर काढायचे, मशीनमधे धुवायचे आणि परत अंगात सोडायचे. त्यासाठी डाव्या मनगटाच्या वर शिरेला शीर जोडून दिली होती. तिथं बोट ठेवलं की मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या हातावर निजायचं नाही. सगुणा त्या हाताला 'पाव्हणा' म्हणायची. "पाव्हण्याला काम सांगू नका," असं दिवसातून किती वेळा तरी ऐकू यायचं.

पाणी मोजून, आणि मीठ तर जवळजवळ बंदच. अवसेला मेंढरांना खडेमीठ घालायची आमच्यात रीत आहे. मेंढरं मीठ चाटायला लागली की म्हाळू शेजारी उकिडवा बसायचा आणि असा बघायचा, की मीच तिथून उठून जायचे.

आता सावड म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोकर कातरणं हे एकट्याचं काम नाही. कळप पाण्यात घालून धुवायचा, वाळवायचा, मग एकेक मेंढरू पाय बांधून आडवं पाडायचं आणि कातरीनं लोकर काढत जायची. याला आमच्यात कुणी मजुरी देत नाही. आज सगळे तुझ्याकडं, परवा सगळे माझ्याकडं. ज्याची मेंढरं त्यानं जेवू घालायचं. ही सावड. म्हाळू पुण्याच्या दवाखान्यात पडून होता, तेव्हा त्याची मेंढरं वस्तीवरच्या माणसांनी कातरून दिली होती. कुणी ते कधी बोलून दाखवलं नाही. पण म्हाळूच्या मनात ते घर करून बसलं होतं. सगुणानं त्याची कातर ट्रंकेत टाकली आणि त्याला आपल्या गळ्याची शपथ घातली, की कातरीला हात लावायचा नाही.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. सगुणा कारेगावला लेकीकडं गेली होती. सोनमचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि जावई कंपनीत पाळीवर. मीही दिवसभर कांदा काढायला रानात असायचे. सोमवारी संध्याकाळी सगुणा परत आली. मंगळवारी सकाळी माझ्या दारात उभी.

"नानी, चला की माझ्यासंगं दौंडला. ह्यांचा श्वास मला बरा वाटत न्हाई."

जीपमधे म्हाळू पुढं वाकून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागं टेकलं की धाप लागायची. दर खेपेला भीमेच्या पुलावर तो नदीच्या पाण्यावर काहीतरी बोलायचाच. पाणी चढलंय, उतरलंय, गढूळ आहे, काहीही. त्या दिवशी पूल आला आणि गेला. तो बोलला नाही. सगुणानं माझं मनगट धरलं, ते दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.

मशीन चालवायला जालिंदर नावाचा मुलगा होता, मोठा बोलका. म्हाळूला काट्यावर उभं करायचा आणि विचारायचा, "मामा, आज किती हंडे आणले?" दोन खेपांच्या मधे अंगात साठलेलं पाणी त्या वजनावरून कळतं. त्या दिवशी त्यानं काटा बघितला आणि काहीच विचारलं नाही. म्हाळूला उतरवलं, परत चढवलं.

"मावशी, वजन फार आहे. पाणी जास्त झालंय."

"तुमचा काटा बिघाडला असंल," सगुणा म्हणाली. "पाण्याला माझं कुलूप हाय, गेले तवा बी मोजूनच ठेवलं व्हतं." आणि तिनं खरंच मंगळसूत्रातली किल्ली काढून त्याला दाखवली.

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, पण बोलणं ठाम.

"छातीत दुखतंय का, मामा?"

"दुखतंय म्हंजी... वढल्यागत होतंय. खांद्यापातूर. दंडात बी."

त्यांनी छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढली. मागची जुनी पट्टी शेजारी धरली. "हृदय जाड झालंय म्हणून यांची पट्टी आधीपासूनच वेडीवाकडी आहे," त्या म्हणाल्या. "यावरून सांगता येत नाही." मग रक्त घेतलं. आणि विचारलं, "काल काही जड काम केलं का? ओझं, खोदकाम, काहीही?"

"न्हाई. खाटंवरच व्हतो."

"मी कशाला हात लावू देत न्हाई त्यांना," सगुणा म्हणाली.

रक्ताचा कागद आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तेव्हा त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. अंगातल्या मांसाला इजा झाली, की त्यातलं एक द्रव्य रक्तात उतरतं. हृदय हेही मांसच. म्हाळूच्या रक्तात ते द्रव्य फार वाढलं होतं.

"काम केलं नसेल, तर हे हृदयातून आलंय असं मला धरावं लागेल," त्या म्हणाल्या. "म्हणजे झटका. आणि झटका असेल तर मशीनवर पाणी ओढताना हृदय तिथंच थांबू शकतं. न ओढावं तर श्वास कोंडतोय. आणखी एक तपासणी असते, ट्रोपोनिन. ती हृदयाचीच. तिचंही रक्त घेतलंय, जरा वेळ लागेल. तोवर पुण्याला न्यायला गाडी दारात आणून ठेवते."

पांढरी गाडी आली. तिचं मागचं दार उघडून ठेवलं. आमच्या वस्तीवरून तशा गाडीतून पुण्याला गेलेली दोन माणसं मला आठवत होती. परत येताना दोघंही त्याच गाडीत आडवीच होती. मी दाराकडं पाठ करून बसले. तरी ते उघडं दार मला पाठीला लागत होतं, थंडीत वारा लागावा तसं.

सगुणाला औषधं आणायला खाली पाठवलं. मी म्हाळूजवळ गेले. पाव्हण्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून उजवा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी टरारलेला फोड होता. मधल्या बोटाच्या कडेला दुसरा. ते फोड मी ओळखते. माझ्या मालकांच्या हाताला असायचे, सासऱ्यांच्याही. त्या जागी फोड येतो तो कातरीच्या मुठीनंच.

"म्हाळू, कुणाची मेंढरं?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"म्हाळू."

"भैरूची."

"आन् पाणी?"

"ऊन लई व्हतं, नानी. भैरूची बायकू तांब्या फिरवीत व्हती. समदे पीत व्हते." तो श्वासासाठी थांबला. "मी बी प्यालो. मग परत आला तांब्या. मग इचारू नको."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावंसंही वाटलं. यातलं काहीच न करता मी म्हणाले, "डॉक्टरीणबाईंना सांग."

"सगुणीला कळंल."

"कळू दे."

"ती भैरूच्या दारात जाऊन भांडंल. मग सावडीतनं माझं नाव जाईल." बोलता बोलता त्याच्या कपाळावर घाम आला. "काल पोरं मला म्हणली, आप्पा, इकडं सावलीला बसा. कातरीला धार लावून दिली. मेलेल्याला कुणी जागा करून देतं का, नानी?"

मी दाराकडं बघितलं. गाडीचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता.

"तू सांगतो का मी सांगू?" मी म्हणाले.

त्यानंच सांगितलं. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसून ऐकत होत्या. किती वेळ कातरत होता, जेवल्यावर परत बसला का, पाणी किती झालं असेल, सगळं विचारलं. एकदाही ओरडल्या नाहीत. बोलणं संपलं तेव्हा मी मान वर केली, तर सगुणा औषधाची पिशवी धरून दारात उभी. कधी आली होती कोण जाणे.

"जेवायला काय व्हतं?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू.

"मटण."

"खारं?"

"रस्सा न्हाई घेतला."

"मग काय कोरडं चघाळलं?"

"एक वाटी घेतला."

"आन् माझी शपथ?"

जालिंदर खाली मान घालून कोरडी नळी पुसत राहिला. सगुणा भिंतीला टेकून खाली बसली. किल्ली तिनं मुठीत धरली होती. एवढी घट्ट, की पुढं मूठ उघडली तेव्हा तळव्यावर किल्लीचे दात उमटलेले होते.

"सांगितलंत ते फार बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर कातर चालवली तर पहिलं द्रव्य वाढणारच. श्वास कोंडतोय तो पाण्यानं. पण ट्रोपोनिन कातरणीनं वाढत नाही, मावशी. ते येऊ दे."

ते आलं. वाढलेलंच होतं.

सगुणा उठून उभी राहिली. मला आठवतं, मी जालिंदरच्या स्टुलावर त्याला न विचारता बसले.

"थांबा, ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं वाढलंय. जे मशीनवर असतात त्यांचं हे झटका नसतानाही बऱ्याचदा वरच असतं. म्हणून एका आकड्यावर काही ठरवायचं नाही. काही तासांनी परत रक्त घ्यायचं. आकडा चढत गेला तर झटका. तिथंच राहिला तर जुनंच दुखणं."

"म्हंजी लंगडं मेंढरू," म्हाळू खाटेवरून म्हणाला.

"काय?"

"काही मेंढरं कायमची लंगडत्यात, बाई. सकाळी बघून कळत न्हाई. सांजच्याला कळपाच्या किती मागं पडलं, ते बघायचं."

"तसंच समजा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

मशीन सुरू करायचं ठरलं. अगदी हळू, पाणी थोडं थोडं ओढत, आणि गाडी दारातच ठेवून. जालिंदरनं पाव्हण्यात सुया घातल्या. लाल नळी भरली, मशीनच्या चाकाखालून फिरली. त्याआधी मी ते कधी जवळून बघितलं नव्हतं. माणसाचं रक्त त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर फिरतंय आणि तो छताच्या पंख्याकडं बघतोय. मधेच मशीन ओरडायचं. जालिंदर पळत यायचा, दाब मोजायचा, पायाखाली उशी द्यायचा. दर वेळी सगुणा म्हाळूच्या छातीकडं बघायची, आणि मी सगुणाकडं. ती छाती वर जायची, खाली यायची. वर जायला जरा वेळ लागला की सगुणाचाही श्वास थांबायचा.

मी मनातल्या मनात बिरोबाशी बोलत होते. दुसरं काही सुचेना. म्हटलं, देवा, आत्ताच नेऊ नको याला. माझ्या सुनेचं नाव शिकायचं राहिलंय.

दुपारी त्याचा श्वास जरा मोकळा झाला. तो मागं टेकून बसला. तेव्हा परत रक्त घेतलं. पहिल्या आकड्याच्या वेळी निदान आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं आणि वाट बघायची होती. हे फार वाईट. पायऱ्यांवर चप्पल वाजली की सगुणा उठायची. दुसराच कुणी असायचा, मग बसायची. म्हाळू म्हणाला, "सगुणे, बस की. उठबस करून रगत लवकर येतंय व्हय?" तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. "तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "चढलेला नाही. झटका नाही."

मग सगुणानं विचारलं, "मग बरं हाय का वाईट?"

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घातली. खोटं बोलायचं त्यांना जमत नसावं. "आजच्यापुरतं बरं आहे, मावशी. पण ज्यांचा आकडा असा कायम वर राहतो, त्यांचं हृदय दमलेलं असतं. पुढं कधी दगा देईल ते मला सांगता येणार नाही. पाणी, मीठ आणि कातर, तिन्हींपासून लांब ठेवा."

"किती दिस?"

"कायमचं."

पांढरी गाडी रिकामीच परत गेली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीत उभी होते.

येताना जीप पुलावर आली तेव्हा म्हाळू बाहेर बघून म्हणाला, "पाणी उतरलंय."

"नदीचं का तुमचं?" सगुणा म्हणाली. दवाखान्यातून निघाल्यापासून तिचं ते पहिलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी ती भैरूकडं गेली. म्हाळूनं मला तिच्यामागं पाठवलं. म्हणाला, "जा गं नानी, निदान जीभ तरी आवर तिची." जसं काही ते कुणाला कधी जमलं होतं. भैरू वस्तीच्या पार टोकाला राहायचा. कातरलेली लोकर गोण्यांत भरत होता.

"भैरूभावजी, यंदा तुमच्या मेंढरांना लईच लोकर आली का? माझा नवरा कातरायला लागला तो."

भैरू उठून उभा राहिला. "वहिनी, मी न्हाई बोलावलं. ते आपली कातर घेऊन आले."

"मग माघारी लावायचं."

"आलेल्या माणसाला माघारी कसं लावू? तसं केलं म्हंजी जित्तेपणी त्याला मेला धरला."

"आन् न्हाई लावलं, तर मरंलच की तो," सगुणा म्हणाली. एवढं म्हणेपर्यंत ती नीट बोलत होती. मग तिथंच लोकरीच्या गोणीवर बसली आणि आदल्या दिवशी राहिलेलं सगळं रडून घेतलं. भैरूची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि तांब्या पदराआड धरून उभी राहिली. त्या बाईची मला कीव आली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे पाणी पाजायचं नाही.

भैरू बराच वेळ दाढी खाजवत होता. मग म्हणाला, "वहिनी, आप्पा तसंबी दौंडला जात्यात. मीठ आणायला आम्हाला दर अवसेला माणूस धाडावा लागतो. ते जर त्यांनी आणलं तर? समद्या वस्तीचं. ती त्यांची सावड."

"मीठच आठवलं व्हय तुम्हाला," सगुणा नाक पुसत म्हणाली. "त्यांना ते बंद हाय."

"मेंढरांना न्हाई ना."

"गोणी कोण उचलंल? पाव्हण्याला वझं चालत न्हाई."

"जीपवाला टाकंल आन् उतरवंल. आप्पांनी फकस्त निवडायचं आन् वाटायचं."

तसं ठरलं. अवसेआधीच्या खेपेला मशीनवरून उतरला की म्हाळू दौंडच्या बाजारात जायचा आणि खडे हातात घेऊन मीठ निवडायचा. घरी आल्यावर गोणी दारातल्या दगडावर ठेवून घ्यायचा, मापट्यानं वाटे करायचा आणि उजव्या हातात मावेल तेवढी पिशवी घेऊन एकेका दारात नेऊन द्यायचा. कुणीही एकदम सगळं नेऊन दिलं असतं. पण त्याला दर दारात उभं राहायचं होतं. माझ्याकडं तेव्हा एकच शेळी होती. तरी तिचा वाटा तो आणून द्यायचा आणि म्हणायचा, "नानी, कळपाचं मीठ."

वाटून झालं की सगुणा त्याच्या हातांवर पाणी घालायची. ते पाणी तोंडाकडं जात नाही ना, हेही बघायची. मग म्हणायची, "जीभ दावा." आणि तो पन्नाशीचा माणूस उंबऱ्यावर उभा राहून जीभ बाहेर काढायचा. आम्ही सगळे हसायचो. ती मात्र हसायची नाही, नीट बघायची.

डॉक्टरीणबाई मधूनमधून ते रक्त तपासायच्या. आकडा खाली कधीच आला नाही. एकदा थोडा चढला, तेव्हा पुण्याला जाऊन आले. तिथून आणलेल्या गोळ्यांनी महिनाभर बरं वाटलं. पण भीती एकदा घरात राहायला आली ती आलीच. पहाटे जाग आली की मी आधी भिंतीपलीकडं कान द्यायचे. श्वास ऐकू आला की मग उठून चूल पेटवायचे.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा सरत आला असताना, एका पहाटे तो ऐकू आला नाही. सगुणाला मला हाक मारावी लागली नाही. झोपेतच हृदय थांबलं होतं.

आदल्या दिवशी शुक्रवार होता आणि अवस जवळ आली होती. दुपार कलल्यावर जीप आली. जीपवाल्यानं मिठाची गोणी दगडावर उतरवली आणि म्हाळूनं नेहमीसारखं त्याला सांगितलं, की आपटू नको, खड्यांचा भुगा होतो. मग उकिडवा बसून वाटे केले. थकलेला दिसत होता, पण मशीनवरून आला की तसा तो नेहमीच दिसायचा. माझ्या दारात आला, शेळीचं मीठ पाटीत ओतलं.

"नानी, कळपाचं मीठ."

"जरा बस," मी म्हणाले.

"भैरूचं राहिलंय." जाता जाता तो माझ्या सुनेकडं बघून म्हणाला, "नवे, शेळीला आत बांध. आभाळ आलंय."

वस्तीच्या टोकाला जाईपर्यंत तो बाभळीखाली एकदा थांबला. तिथं तो दर खेपेला थांबायचा. भैरूच्या दारात जरा उभा राहिला, काहीतरी बोलला, दोघं हसले. तसाच सावकाश परत आला. सगुणानं त्याच्या हातांवर पाणी घातलं.

"जीभ दावा."

त्यानं जीभ दाखवली. तिनं वाकून नीट बघितली आणि मान हलवली. मग रिकामी गोणी झटकली, घडी घातली आणि पुढच्या अवसेसाठी खुंटीला अडकवून ठेवली.